राख आधी, चमक नंतर

गाडी धुण्याची किंवा चमकवण्याची नवी बाटली घरी आली की बहुतेक जण ती बॉनेटवर थोडी लावून पाहतात, फडके फिरवतात आणि पत्र्यात चेहरा दिसला की बाटली पास करून टाकतात. एकलहऱ्यात, सामनगावात, एकूणच नाशिक रोडच्या या बाजूला ही परीक्षा फसवी ठरते. गोदावरीकाठचे इथले औष्णिक वीज केंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून कोळसा जाळते आहे. जुने दोन संच बंद झाले, २१० मेगावॉटचे तीन संच उरले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे टनभर कोळसा जळला की तीनचारशे किलो राख मागे उरते. धुरासोबत निघालेली बहुतेक राख चिमणीपर्यंत पोहोचण्याआधी ईएसपी नावाच्या यंत्रणेत अडकते. पण निसटलेली, राखेच्या बंधाऱ्यावरून वाऱ्याने उठलेली, वाहतुकीत सांडलेली राख कुठेतरी बसणारच, आणि उघड्यावर उभ्या गाडीचे टप, बॉनेट आणि काचा तिला आयत्याच मिळतात. म्हणून माझे म्हणणे असे की इथे राहणाऱ्याने कोणत्याही नव्या उत्पादनाला पहिला प्रश्न चमकेचा विचारू नये. ही राख न घासता किती सुटते, हे आधी विचारावे. त्या प्रश्नावर जी बाटली नापास होते, तिची चमक कितीही असली तरी ती गाडीला महाग पडते.

याचे कारण राखेच्या घडणीत आहे. चुलीतली लाकडाची राख मऊ असते, तिने आपण भांडी घासत आलो. कोळशाच्या भट्टीतली राख वेगळी. ती मुख्यतः सिलिका, अॅल्युमिना आणि लोहाच्या ऑक्साइडची बनलेली असते. भट्टीच्या उष्णतेत वितळून हवेतच गोठल्यामुळे तिचे बरेचसे कण काचेच्या गोळ्यांसारखे गोल असतात, पण त्यांच्यात क्वार्ट्झचे न वितळलेले, कोनदार तुकडेही मिसळलेले असतात. क्वार्ट्झचा कठीणपणा मोह मापकावर ७ आहे. साधी खिडकीची काच त्याहून मऊ. आता दुसरी बाजू पाहा. आजच्या गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला गॅरेजवाले क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाहून पातळ. राखेचे कण मायक्रॉनभरापासून शंभरएक मायक्रॉनपर्यंत सगळ्या मापांत सापडतात. इतक्या पातळ थरावर इतका कठीण कण फडक्याखाली दाबून ओढला की ओरखडा उठणार, आणि महिनोन्‌महिने हेच चालले की उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी गोलगोल रेघांची जाळी दिसू लागते. गंमत अशी की पॉलिशच्या डब्यातही बहुतेक वेळा अॅल्युमिनाच असते. फरक मापाचा आहे: पॉलिशमधले कण चाळून, एकसारखे बारीक करून घातलेले असतात आणि ते मुद्दाम थर झिजवतात. गाडीवरच्या राखेला कोणी चाळलेले नसते.

म्हणजे इथल्या गाडीचे सगळ्यात मोठे नुकसान कोरड्या फडक्याने होते. सकाळी ऑफिसला निघताना झटकणी मारणे, सोसायटीत एकाच बादलीत एकच फडके पिळून दहा गाड्या पुसणे, किंवा राख बसलेल्या गाडीवर तसेच कव्हर चढवून वाऱ्यात फडफडू देणे, या तिन्ही सवयी गाडी स्वच्छ ठेवण्यासाठी असतात आणि तिन्ही तिला घासतात. हिवाळ्यात त्यात दवाची भर पडते. निफाडचा पारा दरवर्षी बातमीत येतो, तो काही एकलहऱ्यापासून फार दूर नाही. थंड, स्थिर हवेत धूळ खालीच राहते, रात्री दव पडते आणि सकाळी उन्हात वाळून राखेचे ठिपके पत्र्याला चिकटून बसतात. या ठिपक्यांवर नवी फवारणी मारून लगेच पुसून टाकणे हा जाहिरातीतला प्रयोग असतो. आपल्या अंगणात तो करण्याआधी पाण्याने भरपूर भिजवून, वरून खाली पाणी सोडून, जेवढे विनास्पर्श निघते तेवढे काढायलाच हवे.

नवी बाटली तपासण्याआधी आपल्या गाडीवर नेमके काय बसते ते ठाऊक हवे, नाहीतर परीक्षा एकाची आणि निकाल दुसऱ्याचा असे होते. गाडीवरून ओघळलेले पहिले पाणी पारदर्शक बाटलीत धरा, हलवा आणि तासभर ठेवा. तळाशी करडा गाळ बसेल. वर पांढुरकी, बारीक साय तरंगताना दिसली तर ती बहुधा राखेतल्या पोकळ गोळ्यांची असते. हे गोळे पाण्याहून हलके असल्यामुळे राखेच्या तळ्यांवरही तरंगतात. साय दिसली नाही म्हणून राख नाही असे मात्र समजू नका, कारण असे पोकळ गोळे राखेत थोडेच असतात. कोणी लोहचुंबक फिरवून पाहायला सांगेल. राखेतले काही कण त्याला चिकटतात हे खरे, पण आपल्या काळ्या दगडाच्या मातीतही मॅग्नेटाइट असते आणि तेही चिकटते, त्यामुळे नाशिक जिल्ह्यात या चाचणीचा काही उपयोग नाही. शिवाय सगळेच डाग राखेचे नसतात. द्राक्षबागेच्या कडेला गाडी लावणाऱ्यांना निळसर पांढरे ठिपके ओळखीचे असतील. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे ते डाग शॅम्पूने हटत नाहीत. पाणी घालून पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने, सावलीत, थंड पत्र्यावर, थोडा वेळ ठेवून आणि लगेच स्वच्छ धुऊन ते सुटतात. डांबराला द्रावक लागतो, पक्ष्यांच्या विष्ठेला ओले फडके ठेवून मुरवणे लागते. एकाच बाटलीने हे सगळे निघावे ही अपेक्षा बाटली बनवणाऱ्याने वाढवलेली आहे, रसायनशास्त्राने नाही.

पाण्याचेही तसेच. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि थेंब वाळला की पांढरे कडे उरते. हे कडे नव्या शॅम्पूच्या नावावर खपते. ज्या पाण्याने गाडी धुता त्याचा एक थेंब आधी स्वच्छ काचेवर टाकून वाळू द्या. कडे उमटले तर दोष पाण्याचा आहे, आणि धुतल्यावर गाडी वाळण्याआधी पुसून कोरडी करणे हाच त्यावरचा स्वस्त उपाय. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी गाडीला वापरावे असा सल्ला पाणीबचतीच्या भरात दिला जातो. पहिल्या भिजवणीला ते चालेल, शेवटच्या धुण्याला नाही, कारण त्यात मूळ पाण्याहून जास्त क्षार एकवटलेले असतात.

आता प्रत्यक्ष परीक्षा. पहिला नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नवा शॅम्पू, नवे मायक्रोफायबर कापड आणि नवे वॅक्स एकाच रविवारी वापरले तर सोमवारी गाडी छान का दिसते हे कोणालाच सांगता येणार नाही. दुसरा नियम, गाडी स्वतःशीच ताडून पाहायची. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेपची पट्टी लावा, एका अर्ध्यावर नेहमीचे उत्पादन, दुसऱ्यावर नवे. ऊन, दव, राख आणि पाणी दोन्ही अर्ध्यांना सारखेच मिळते, म्हणून जो फरक दिसेल तो उत्पादनाचा. दारावर हा प्रयोग करू नये. उभ्या पत्र्यावर राख कमी बसते आणि तिथे सगळ्याच बाटल्या हुशार ठरतात. मात्र बॉनेटवर लावण्याआधी दाराच्या आतल्या कडेवर थेंबभर लावून, थोडा वेळ थांबून धुऊन पाहा. रंग मंदावला, चिकट झाला किंवा फडक्यावर उतरला तर प्रयोग तिथेच संपला. तीव्रता लेबलवर लिहिल्याप्रमाणे मोजूनच घ्यावी. औषधाच्या बाटलीचे टोपण किंवा सुई काढलेली सिरिंज या कामाला पुरते. अंदाजाने ओतलेल्या शॅम्पूची परीक्षा ही अंदाजाचीच परीक्षा असते. शक्य असेल तर निकाल घरातल्या अशा माणसाला द्यायला सांगा ज्याला कोणत्या अर्ध्यावर काय लावले ते माहीत नाही. पैसे मोजलेल्या माणसाच्या डोळ्यांना नवी बाटली जास्त चमकदार दिसते.

निकाल केव्हा पाहायचा हाही प्रश्न आहे. अनेक पॉलिश आणि क्लीनर-वॅक्समध्ये तेल आणि भरणद्रव्ये असतात. ती ओरखड्यांत बसून त्यांना लपवतात, एकदोन धुण्यांत निघून जातात आणि जाळी पुन्हा दिसते. म्हणून त्याच दिवशीची चमक निकालात धरू नका. तीनचार धुण्यांनंतर, अंधारात मोबाइलच्या टॉर्चचा झोत तिरपा टाकून दोन्ही अर्धे पाहा. घाई असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चौपट पाणी यांचे मिश्रण मऊ कापडावर घेऊन स्वच्छ धुतलेल्या पत्र्याच्या हातभर जागेवर हलके फिरवले की वरचे तेल निघते आणि खरा पत्रा दिसतो. हे काम आगीपासून दूर, सावलीत आणि हातमोजे घालून करावे.

ओरखडे उठतात की नाही हे पाहायला स्वतःची गाडी कशाला खर्ची घालायची? डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये अपघातात वाकलेले बॉनेट आणि दरवाजे बदलून पडलेले असतात आणि भंगाराच्या भावात मिळतात. काळ्या किंवा गडद रंगाचा तुकडा निवडा, तो नीट धुऊन पॉलिश करून घ्या आणि त्यावर आपल्याच खिडकीच्या कट्ट्यावरची राख ओल्या ब्रशने गोळा करून सारखी पसरवा. वाळू द्या. मग एका भागावर नुसते पाणी, दुसऱ्यावर जुना शॅम्पू, तिसऱ्यावर नवी फवारणी, आणि प्रत्येक भाग वेगळ्या पण सारख्या कापडाने, सारख्याच वेळा, सारख्याच दाबाने पुसा. धुऊन टॉर्चखाली पाहा. जाहिरातीत सांगितलेला निसरडेपणा, म्हणजे कणाला पत्र्यापासून उचलून धरण्याची ताकद, इथे उघडी पडते. कोरडी राख झटकून उडवू नका आणि नाकाला मास्क बांधा. ज्या सिलिकेने पत्रा खरवडतो तिची बारीक धूळ फुप्फुसालाही चांगली नाही.

या कसोटीवर बाजारातल्या प्रकारांचे काय होते? शॅम्पू तरतो. चांगला गाडीचा शॅम्पू उदासीन असतो, त्याचा पीएच सातच्या आसपास, आणि त्याचे खरे काम फेस करणे हे नसून कापड आणि पत्रा यांच्यात निसरडा थर धरणे हे असते. कपड्यांच्या पावडरीचा पीएच त्याहून बराच चढा असतो. ती मळ काढते, पण वॅक्सही काढते आणि रबर कोरडे करते. दोन बादल्यांची जुनी पद्धत, एकीत शॅम्पू आणि दुसरीत कापड खंगाळायला साधे पाणी, कोणत्याही महाग बाटलीपेक्षा जास्त ओरखडे वाचवते, कारण राख दुसऱ्या बादलीच्या तळाशी जाऊन बसते. ही बादली धुण्यानंतर तिरकी करून पाहा, पटेल. बिनपाण्याच्या धुण्याच्या फवारण्या मात्र एकलहऱ्यात मला मान्य नाहीत. त्यांतल्या बहुतेकांच्या लेबलवरच हलक्या धुळीसाठी असे लिहिलेले असते, आणि इथली चार दिवसांची धूळ हलकी नसते. भिजवून धुतल्यानंतर उरलेला ओशट थर काढायला त्या ठीक.

सिरॅमिक कोटिंगबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो. जाहिरातीत ९एच हा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि वाचणाऱ्याला तो मोह मापकावरचा ९ वाटतो, म्हणजे जवळपास हिऱ्याच्या शेजारचा. तो आकडा पेन्सिलींचा आहे. चित्रकलेच्या दुकानात मिळणाऱ्या ९बीपासून ९एचपर्यंतच्या पेन्सिली ठराविक दाबाने थरावर ओढून पाहतात आणि कोणत्या पेन्सिलीपर्यंत थर टिकला ते नोंदवतात. आयएसओ १५१८४ हे त्या चाचणीचे मानक. सगळ्यात कठीण पेन्सिलही क्वार्ट्झहून बरीच मऊ. म्हणजे ९एचचे कोटिंग राखेच्या कणापुढे चिलखत ठरत नाही. त्याचा फायदा दुसरा आहे: पृष्ठभागावर घाण कमी चिकटते आणि पाण्याच्या झोताने जास्त सुटते. हा फायदा खरा आहे, आणि अर्ध्या बॉनेटच्या प्रयोगात तो दिसेलही. पण त्याची दुसरी बाजू आहे ती दवाची. पाण्याचे मोती बनवणाऱ्या पृष्ठभागावर दव थेंबाथेंबांत गोळा होते, प्रत्येक थेंब आजूबाजूची राख ओढून घेतो आणि वाळला की तिथे गोल डाग उरतो. मोती बनणे म्हणजे गाडी स्वच्छ असणे नव्हे. रोज छपराखाली उभी राहणारी गाडी असेल तर कोटिंगला अर्थ आहे. बारा महिने उघड्यावर असलेल्या गाडीला आधी छप्पर द्यावे. घरी लावायचेच असेल तर दार बंद करता येईल अशा गॅरेजमध्ये लावा. उघड्यावर लावलेल्या ओल्या थरात राख पडली तर ती तिथेच पक्की होते.

बाकीच्या बाटल्यांविषयी थोडक्यात. टायरची चमक बाजूच्या भिंतीपुरतीच लावावी, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेकच्या डिस्कवर नको. स्टिअरिंग आणि पेडलवर कोणतेच चकचकीत द्रव्य नको. चाकांचे काही क्लीनर तीव्र आम्लाचे असतात. ज्याच्यावर फ्लोराइडचा उल्लेख आहे तो घरी आणूच नका, त्याने कातडी जळते आणि ते उशिरा कळते. लोहकण काढणारी फवारणी जांभळी होते ते लोखंडाशी झालेल्या क्रियेमुळे; जांभळा रंग म्हणजे राख निघाली असे नव्हे. रॉकेल किंवा डिझेलचा हात फिरवून गाडी चमकवण्याची जुनी युक्ती तर इथे उलटी पडते, कारण तेलकट पत्र्यावर पुढच्या दिवशीची राख दुप्पट बसते.

या सगळ्यावर आक्षेप येतील. पहिला असा की कंपन्या उत्पादन बाजारात आणण्याआधी तपासतातच, मग घरी पुन्हा तपासायचे कशाला? त्या तपासतात हे मान्य, पण त्यांची धूळ वेगळी, पाणी वेगळे आणि तपासणी बहुधा स्वच्छ पत्र्यावरची. लेबलवरचे दावे खोटे असतात असे मी म्हणत नाही. ते आपल्या परिस्थितीबद्दल काहीच बोलत नाहीत. दुसरा आक्षेप, एका गाडीवरच्या प्रयोगाला शास्त्र म्हणायचे का? जगासाठी निष्कर्ष काढायचा असेल तर नाही. पण आपल्याला जगासाठी ठरवायचे नाही, आपल्याच अंगणातल्या गाडीसाठी ठरवायचे आहे, आणि त्यासाठी तीच गाडी, तेच पाणी आणि तीच राख याहून योग्य नमुना कुठला? तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: गाडी वापरायला घेतली, पुजायला नाही, एवढा खटाटोप कोण करणार? खरे आहे. ज्याला चमकेची फिकीर नाही त्याने काहीही नवे घेऊ नये आणि कोरडे फडकेही फिरवू नये. आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने भिजवून साध्या शॅम्पूने धुणे पुरेसे आहे. खटाटोप त्याच्यासाठी आहे ज्याने कपाटात पाच अर्धवट बाटल्या जमवल्या आहेत. चौथा मुद्दा वॉशिंग सेंटरचा. तिथला फोम आणि पाण्याचा जोराचा झोत राख सोडवायला घरच्या मग्ग्यापेक्षा सरस असतो, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अडचण शेवटी येते, जेव्हा दिवसभराच्या गाड्या पुसलेले कापड आपल्या गाडीवर येते. आपली दोन स्वच्छ मायक्रोफायबर कापडे सोबत न्या आणि त्यांनीच पुसायला सांगा. कोणी हरकत घेत नाही.

पाण्याचा हिशेबही यात आहे. सुरू सोडलेली पाइप मिनिटाला १०-१५ लिटर पाणी सहज ओतते. दोन बादल्या आणि भिजवायला एक फवारा यांत छोटी गाडी आरामात होते. धुण्याचे पाणी नदीकडे जाणाऱ्या नाल्यात सोडू नका आणि गाडी घेऊन गोदावरीच्या पात्रात तर उतरूच नका. शॅम्पू कितीही सौम्य असला तरी माशांसाठी तो साबणच.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की सगळ्यात लहान बाटली मागा, तिच्यावर पीएच आणि पाण्यात मिसळण्याचे प्रमाण लिहिले आहे का ते बघा, आणि लिहिलेले नसेल तर ती परत ठेवा. एकच वस्तू घ्यायची असेल तर शॅम्पू घ्या. दोन घ्यायच्या असतील तर दुसरी वस्तू म्हणजे आणखी एक बादली.